खंडेनवमीला पुजलेला गेज

आकांक्षा आमच्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला चारचौघांत हसलो होतो. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जड जाणार नाही.

अमरावतीच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. सहा लेथ, दोन ड्रिल आणि एक आटे पाडायचं मशीन. आताचे मालक सौमित्रसाहेब. त्यांच्या वडिलांच्या काळापासून मी तिथं टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर आहे, एकेचाळीस वर्षं झाली. छिद्रात आटे पाडले की ते बरोबर पडले का, हे बघायची आमची एकच रीत होती. ड्रॉवरमधला एक चांगला बोल्ट काढायचा आणि फिरवून बघायचा. गेला तर माल पास.

मग अकोल्याच्या एका कारखान्याचं काम आलं. ते लोक कापसाच्या गाठी दाबायचे प्रेस बनवतात. त्यांना लोखंडी ब्लॉक हवे होते, प्रत्येकात चार आट्यांची छिद्रं. अट अशी की माल तपासायला शिकलेलं माणूस पाहिजे आणि तपासणी गेजनं, म्हणजे पक्क्या मापाच्या हत्यारानंच झाली पाहिजे. म्हणून साहेबांनी आकांक्षाला घेतलं. डिप्लोमा झालेली, तिवस्याची पोरगी, रोज एसटीनं ये-जा करायची. आमच्या शेडमध्ये कामाला आलेली पहिली बाई.

ती मला म्हणाली, "काका, बोल्ट म्हंजे गेज नसते. बोल्टच ढिला असला तर?"

मी हसलो. अंगठ्याचं नख पुढं केलं. "पोरी, हा पाहा माझा गेज. चाळीस वर्षांत याले गंज नाई लागला."

सगळे हसले. ती रागावली नाही. स्टोअरमधून सात बोल्ट घेऊन आली आणि म्हणाली, डोळे बांधून ओळखा. बंडूनं, म्हणजे आटे पाडायच्या मशीनवरच्या माणसानं, खांद्यावरचा दुपट्टा काढून माझे डोळे करकचून बांधले. मी एकेका बोल्टावरून नख फिरवत गेलो. हा सोळा मिलिमीटरचा, हा वीसचा, हा पाइपाचा. सहा बरोबर आले. सातव्याला म्हणालो, "अर्धा इंची. एका इंचात बारा आटे."

तिनं माझ्या हातात बारा आट्यांचा नट दिला. तो तीन वेढे गेला आणि अडला.

"हा तेरा आट्यांचा हाये, काका," ती म्हणाली. "जाडी तीच, पण आटा वेगळा. आट्याचा उतारही वेगळा. म्हून सुरुवातीले जाते न् मंग अडते. कोणी जोर लावला तर दोन्हीचे आटे गेले."

बंडू म्हणाला, "काका, नख कापून टाका आता. काही कामाचं नाई राह्यलं."

ती मात्र म्हणाली, "सातातले सहा ओळखले त्यायनं. मले डोळे उघडे ठेवून तीन येत नाई. म्हून तर गेज लागते मले."

माझी लाज तिनं अशी झाकली होती. मी तेव्हापासून तिच्याशी नीट वागायला लागलो. तीही जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसून गोष्टी समजावून सांगायची. गेज निवडायचा कसा? आधी बघायचं, आटा मिलिमीटरचा आहे की इंचाचा. मग जाडी. मग एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचं अंतर. चोवीस मिलिमीटरच्या बोल्टाला तीनचा जाड आटाही असतो आणि दोनचा बारीक आटाही. अकोल्याला बारीक पाहिजे होता. शेवटी बघायचं, आटा किती ढिला चालेल. एवढं सगळं नक्की झाल्यावर तिनं पुण्याहून गेज मागवला.

तो आला तेव्हा मी हातात घेऊन बघितला. मधे धरायला दांडी आणि दोन्ही टोकांना आटे. लांब टोक "गो"चं. ते छिद्रात हातानं, जोर न लावता पूर्ण गेलं पाहिजे. आखूड टोकावर लाल पट्टा, ते "नो-गो"चं. ते दोन वेढ्यांच्या आत अडलं पाहिजे. एक गेलं आणि दुसरं अडलं, तर माल बरोबर. इतकी साधी गोष्ट, पण लोखंडावर असं काम मी जन्मात केलं नव्हतं. आट्यांवरून नख फिरवलं तर नख पाण्यावरून गेल्यासारखं गेलं.

गेज लाकडी डबीत ठेवायचा, डबी कपाटात. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी जुना माणूस म्हणून माझ्याकडे. बाकीच्या डब्यांवर तिनं इंग्रजीत लिहिलं होतं. या डबीच्या झाकणावर मराठीत लिहिलं, मोठ्या सुट्या अक्षरांत. ते कोणासाठी होतं, ते फक्त तिला आणि मला माहीत होतं.

मला वाचता येत नाही असं सगळं वर्कशॉप धरून चालायचं. हजेरीवर मी अंगठा लावायचो. माझं कामाचं कार्ड बंडू भरायचा. पण पाच वर्षांमागं माझी नात रागिणी पहिलीत गेली, तेव्हा तिच्याबरोबर बसून मीही अक्षरं गिरवली. वाचायला लागलो, बोट ठेवून, हळूहळू. कोणाला सांगितलं नाही. साठीच्या माणसानं "क कमळाचा" करतो हे कोणत्या तोंडानं सांगावं? आणि खरं सांगायचं तर न वाचता येण्याचा फायदाही होता. काही चुकलं, तर कागदावर काय लिहिलं होतं ते पुंजारामला कसं कळणार, असं म्हणून लोक मला सोडून द्यायचे.

आकांक्षानं मला एकदा पकडलं होतं. भाकर बांधून आणलेला पेपर मी बोटानं वाचत होतो आणि एका जोडाक्षरावर अडलो होतो. ती मागून हळूच म्हणाली, "जिल्हाधिकारी." बास. नंतर त्याबद्दल ती कोणाजवळ बोलली नाही.

खंडेनवमी शुक्रवारी आली. शनिवारी दसरा, मग रविवार. आकांक्षा घरच्या घटासाठी गुरुवारीच तिवस्याला गेली होती. शुक्रवारी आम्ही सगळी मशिनं धुतली, हार घातले. टेबलावर पाट ठेवून हत्यारं मांडली, पाने, हातोडे, टॅप, मापाचं व्हर्नियर. माझ्या मनात आलं, वर्कशॉपमधलं सगळ्यात मोलाचं हत्यार कपाटात बंद आहे. त्यालाच पूजा नाही, हे बरं नव्हे. मी किल्लीनं कपाट उघडलं, गेज काढला, पाटाच्या मधोमध उभा केला. लांब टोक वर. पळीनं पाणी शिंपडलं, हळदी-कुंकू लावलं, वर झेंडूचं ओलं फूल ठेवलं. पूजा झाली, पेढे वाटले, शेडला कुलूप लागलं. पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. फूल वाळलं होतं. ते उचललं तर खाली, आट्यांच्या खाचांत, तांबडे ठिपके. मी आधी कुंकू समजलो. पुसलं, तर निघेना.

डबी आणली. झाकणावरची अक्षरं मी बोट ठेवून वाचली. पूर्ण वाचली.

घड्याळात साडेआठ. तिची एसटी पावणेदहाला यायची. मी नखाची फुशारकी मारणारा माणूस, आणि तिला सांगू की मी तुझ्या गेजवर पाणी ओतलं? मी गेज लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरला, मशीन चालू केलं, बारीक पॉलिश पेपरची घडी तेलात बुडवून खाचांत दाबली. जसे मी उभ्या जन्मात हजारो शाफ्ट चमकवले, तसंच केलं. तीन मिनिटांत गेज नव्यापेक्षा लख्ख झाला. डबीत ठेवला, कपाट लावलं. तिनं त्या दिवशी डबी उघडली आणि म्हणाली, "बाप्पा, काका, दसऱ्याले गेजही चमकला!" मी म्हणालो, "नवाच तं हाये."

तीन मिनिटांत मी काय केलं होतं ते मलाही कळलं नव्हतं. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग गेजच्या अंगावरून गेले असतील. डोळ्याला दिसत नाही, नखालाही लागत नाही. पण गेज बारीक झाला होता. बारीक गेज अरुंद छिद्रातही आरामात जातो. बंडूच्या मशीनवरचा आटे कापायचा टॅप झिजत गेला, छिद्रं अरुंद पडत गेली, आणि गेज प्रत्येक वेळी "बरोबर आहे" असंच सांगत राहिला. आकांक्षानं त्यावर भरवसा ठेवून सह्या केल्या. डिसेंबरात माल अकोल्याला गेला.

जानेवारीत फोन आला. त्यांचे बोल्ट आमच्या ब्लॉकमध्ये जात नव्हते. त्यांच्या माणसांनी पान्याला पाइप लावून जोर केला, तर बोल्ट मधेच अडकून बसले. पुढं जात नव्हते, मागं निघत नव्हते.

सौमित्रसाहेबांनी आकांक्षाला गेज घेऊन अकोल्याला पाठवलं, सोबत मला. पिकअप गाडीत तिनं डबी मांडीवर धरली होती. मी सारखी खिडकीबाहेर नजर लावून होतो.

अकोल्याला तपासणीचे प्रमुख मनोजराव म्हणून होते. शांत माणूस. टेबलावर आमचा ब्लॉक ठेवला, स्वतःचा गेज काढून "गो"चं टोक छिद्रात फिरवलं. दुसऱ्या वेढ्याला अडलं. मग आकांक्षाचा गेज घेतला. तो सरसर आत गेला.

मनोजराव म्हणाले, "बाई, तुमचा गेज बारीक हाये. कुठून घेतला?"

तिनं कागद पुढं केला. "ऑगस्टमधे आला तवा बरोबर होता. हे पाहा सर्टिफिकेट. चोवीस, दोनचा आटा, तुमच्या ड्रॉइंगवर हाये तोच."

"गेज तुमी बरोबरच निवडला. प्रश्न थो नाई. पाच महिन्यांत एवढा कसा झिजला? किती नग तपासले?"

"तीनशे ब्लॉक. बाराशे छिद्रं."

"बाराशेनं एवढा नाई झिजत." त्यांनी भिंग लावून बघितलं. "हा कोणी तरी घासला हाये. याच्यावर कोणाचा हात पडते?"

"माझ्याशिवाय कोणीच नाई हात लावत," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळली. "होय ना काका?"

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. तिघांनाही ऐकू येईल असं मी म्हणालो, "हाव."

तो एक शब्द आजही माझ्या तोंडात आहे, लोखंडाच्या किसासारखं.

मनोजरावांनी सांगितलं, सगळा माल परत न्या, आणि चूक कोणाची ते लिहून द्या. तसं लिहून आल्याशिवाय पुढचं काम नाही. परतीच्या वाटेवर साहेबांचा फोन आला. आकांक्षा "हो सर, हो सर" करत राहिली. मग फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "उद्या किल्ली देऊन टाक म्हणाले. अकोल्याले माझं नाव कळवून राह्यले. आता अमरावतीत कोणता कारखाना मले तपासणीले उभी करीन?"

मूर्तिजापूरला ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. रेल्वे फाटकाजवळची टपरी. तिनं चहा हातात घेतला आणि प्यायली नाही.

"मले सांगा ना काका, मी कुठं चुकली? मी डबी नीट लावतो, तेल लावतो, फडक्यात गुंडाळतो. माझ्या हातून घासला गेला असंन काय? मले आठवत काहून नाई?"

ती स्वतःच्या आठवणीवर संशय घेत होती. माझ्यासाठी.

मी म्हणालो, "चहा पी. थंडा होऊन राह्यला."

"तुमी काहून चूप हाये सकाळपासून?"

"गाडी लागली मले," मी म्हणालो. बडनेऱ्यापर्यंत मी डोळे मिटून बसलो. झोप नव्हती, तिलाही ते कळत असेल. तरी तिनं स्वतःची शाल माझ्या गुडघ्यांवर टाकली.

सकाळी माझी बायको गोदाबाई डबा भरता भरता म्हणाली, "काल आल्यापासून भाकरीचा तुकडा नाई मोडला तुमी. काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं. ती पोळपाटावर हात ठेवून ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आपली रागिणी मोठी होऊन कुठं कामाले लागली, अन् तिथं असा एखादा काका भेटला तं?" आणि डबा माझ्या हातात दिला.

मी पोचलो तेव्हा आकांक्षा आलेली होती. साहेब टेबलाशी उभे होते, बंडू आणि बाकीचे हातातलं काम सोडून बघत होते. टेबलावर गेजची डबी, रजिस्टर आणि तिची किल्ली.

साहेब म्हणाले, "आकांक्षा, कपाटाची ती किल्ली पुंजारामकाकांकडे दे. नवीन माणूस येईपर्यंत ते सांभाळतील."

तिनं किल्ली उचलली आणि माझ्यापुढं धरली. "घ्या काका."

मी हात पुढं केला नाही.

"साहेब," मी म्हणालो, "गेज मी घासला. खंडेनवमीले पूजेत ठेवला, पाणी पडलं, गंज चढला. सोमवारी ही यायच्या आधी लेथवर लावून पॉलिश पेपरनं घासला. या पोरीले काहीच मालूम नाई."

मागं कंप्रेसर तेवढा चालू होता. आकांक्षाचा हात तसाच पुढं, किल्लीसकट.

मी मान खाली घालून उभा होतो. आता साहेब काय म्हणतील ते ऐकायची तयारी केली होती. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि हसले. रागानं नाही, सुटल्यासारखं.

"अहो काका! पूजेपायी झालं होय हे? कालच बोलायचं ना. बरं, असू द्या. तुम्हाला काय माहीत, गेज घासायचा नसतो म्हणून. तिनं झाकणावर लिहून ठेवलंय, पण तुम्हाला कुठं वाचता येतं?"

बंडू लगेच म्हणाला, "मंग काय! काकाले वाचता येत नाई, त्यायचा काय दोष? बाईनं तोंडानं सांगाले पाह्यजे होतं."

"खरं आहे," साहेब म्हणाले. "आकांक्षा, तू काकांना समजावून सांगायला हवं होतंस."

बघा. कालपर्यंत त्याच चुकीपायी तिची नोकरी गेली होती. ती चूक माझी निघाली, तर अर्ध्या मिनिटात माफ झाली. आणि उरलेली पुन्हा तिच्याच पदरात पडत होती. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी झालं असतं. तिची नोकरी वाचली होती, माझीही वाचली होती. सगळ्यांनी मिळून मला एक दार उघडून दिलं होतं, आणि त्या दारातून मी आयुष्यभर ये-जा केली होती.

आकांक्षा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं. ती काही बोलणार नव्हती, तेही मला माहीत होतं.

मी टेबलावरची डबी ओढली. झाकणावर बोट ठेवलं.

"हा, गेज," मी वाचलं, "ओला, करू, नये. घासू, नये." पुढच्या ओळीवर आलो. "गंज, दिसला, तर, मला, सांगावे. मी, रागावणार, नाही." तिच्या नावाच्या जोडाक्षराशी थोडा थांबलो. "आ-कां-क्षा."

कोणीतरी कंप्रेसर बंद केला.

"त्या सोमवारी बी वाचलं होतं," मी म्हणालो. "आधी वाचलं, मंग घासलं."

साहेबांचं हसू गेलं. "काका, म्हणजे तुम्हाला वाचता येतं? कधीपासून?"

"पाच वर्षं झाली."

"आणि हजेरीवर अंगठा?"

मी बंडूकडे बघितलं. पाच वर्षं हा माणूस स्वतःची सुट्टी मोडून माझं कार्ड भरत होता. त्यानं मान फिरवली आणि आपल्या मशीनकडे गेला. जाता जाता म्हणाला, "वा रे काका." एवढंच. यापेक्षा शिवी बरी होती.

साहेबांनी आमच्यासमोर मनोजरावांना फोन लावला. सांगितलं की आमच्या बाईंची चूक नाही, एका जुन्या माणसानं गेज घासला आणि लपवलं. "लपवलं" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मला कामावरून काढलं नाही. कपाटाची माझी किल्ली मात्र त्यांनी मागून घेतली आणि तिची किल्ली तिच्याकडेच राहिली.

परत आलेल्या ब्लॉकांचे आटे मी आणि बंडूनं नवीन टॅपनं पुन्हा काढले. अकरा दिवस लागले. बंडू कामापुरतं बोलायचा.

नवा गेज आला त्या दिवशी आकांक्षानं जुन्याला लाल रंग लावला, म्हणजे पुन्हा कोणी चुकून वापरू नये. मग एक कार्ड आणि पेन माझ्यापुढं ठेवला. प्रत्येक गेजचं असं कार्ड असतं. कधी आला, कधी तपासला, का बाद झाला.

"हे तुमी भरा," ती म्हणाली.

मी लिहिलं. "पूजेत पाणी लागले. गंज चढला. मी घासला. सांगितले नाही. पुंजाराम." अर्धा तास लागला. अक्षरं रेघेवरून खाली उतरली होती.

तिनं कार्ड वाचलं. मी वाट बघत होतो. काय ऐकायचं होतं मला? आधी तिनं एकदा हळूच "जिल्हाधिकारी" म्हटलं होतं, तसं काहीतरी असावं.

"तारीख राहिली, पुंजारामजी," ती म्हणाली.

काका नाही. त्या दिवसापासून ती मला काका म्हणत नाही. आवाज तोच, आदर तोच, पण बाकी सगळ्यांना ती जसं "जी" लावते तसं मलाही पुंजारामजी.

मी तारीख टाकली.